भिंतीवर कोणाचा चेहरा?

आपल्या घरांत भिंतीवर फोटो लावण्याचा एक अलिखित नियम आहे. देवादिकांच्या तसबिरी आणि थोर पुरुषांची चित्रे वगळली, तर घरातल्या माणसाचा मोठा फोटो भिंतीवर चढतो तो बहुधा ते माणूस गेल्यानंतर. मग त्याला चंदनाचा हार घातला जातो आणि वर्षातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसली जाते. घराबाहेर पडून चौकात आले की हा नियम एकदम उलटा होतो. तेथे जिवंत माणसांच्याच चेहऱ्यांची दाटी असते. परंतु ही माणसे ठराविक. कोणाचा वाढदिवस, कोणाची नियुक्ती, कोणाचे भव्य स्वागत. आणि त्या मुख्य चेहऱ्याभोवती टपालाच्या तिकिटाएवढ्या आकारात मांडलेले शुभेच्छुक. सामान्य माणूस या चौकात पोहोचतो तो पुन्हा मरणानंतरच, 'भावपूर्ण श्रद्धांजली' या मथळ्याखाली. जिवंतपणी त्या भिंतीशी त्याचा संबंध एवढाच, की तिच्या कडेने त्याने रोज कामावर जावे आणि संध्याकाळी परत यावे.

या व्यवस्थेला आपण इतके सरावलो आहोत, की तिच्यात काही विपरीत आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. सार्वजनिक भिंत सर्वांची असते असे म्हणतात. तर मग तिच्यावर कोणाचा चेहरा असावा, हे कोण ठरवते? फ्रान्समधील एक कलावंत दोन दशकांहून अधिक काळ हाच प्रश्न शब्दांनी न विचारता, कागद आणि खळ घेऊन विचारत आला आहे. त्याच्या कामाचा परिचय करून घेणे आपल्याला उपयोगाचे आहे. कारण तो प्रश्न पॅरिसचा असला तरी आपल्या गावचाही आहे.

जे. आर. एवढ्याच आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. जन्म १९८३ चा. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा असल्याखेरीज तो लोकांपुढे येत नाही. पौगंडावस्थेत इतर अनेक मुलांप्रमाणे तोही पॅरिसच्या भिंतींवर चोरून रंगाने स्वतःचे नाव लिहीत असे. भुयारी रेल्वेत कोणी विसरून गेलेला एक कॅमेरा त्याला सापडला आणि तेथून त्याची वाट बदलली, असे तो सांगतो. त्याची पद्धत साधी आहे. माणसाच्या अगदी जवळ जाऊन त्याचा कृष्णधवल फोटो काढावयाचा, तो कागदावर अवाढव्य आकारात छापावयाचा आणि आपल्याकडे सिनेमाची पोस्टरे पूर्वी ज्या रीतीने लागत त्याच रीतीने खळ लावून भिंतीवर चिकटवावयाचा. स्वतःचे नाव भिंतीवर लिहिणाऱ्या मुलाला एक गोष्ट उमगली होती: आपल्यापेक्षाही भिंतीची अधिक गरज असलेली माणसे या शहरात आहेत.

ही माणसे प्रथम त्याला भेटली ती पॅरिसच्या पूर्वेकडील मोंफेर्मेय या उपनगरात. तेथील ले बॉस्के ही जुनाट इमारतींची वसाहत प्रामुख्याने आफ्रिकेतून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांची. २००४ मध्ये तेथील तरुणांचे फोटो काढून जे. आर. ने ते वसाहतीच्याच भिंतींवर, कोणाचीही परवानगी न घेता चिकटवले. पुढच्याच वर्षी, २७ ऑक्टोबर २००५ रोजी, शेजारच्या क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांना चुकवण्यासाठी विद्युत उपकेंद्रात शिरलेल्या दोन मुलांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्यानंतर उसळलेली दंगल सुमारे तीन आठवडे फ्रान्सभर पेटत राहिली. दूरचित्रवाणीवर रोज जळत्या मोटारी आणि तोंडाला फडके गुंडाळलेली मुले दिसू लागली. 'उपनगरातला तरुण' ही जणू एक रानटी जमात आहे, अशी समजूत सभ्य पॅरिसच्या मनात घट्ट होऊ लागली.

जे. आर. पुन्हा त्या वसाहतीत गेला. दूरवरून टिपणारे भिंग त्याने घेतले नाही. २८ मिलिमीटरचे घेतले. या भिंगाने चेहरा भरून टिपावयाचा तर समोरच्या माणसापासून वीतभर अंतरावर उभे राहावे लागते, आणि माणसाने तेवढे जवळ येऊ दिल्याखेरीज ते शक्य होत नाही. तरुणांनी कॅमेऱ्यापुढे मुद्दामच डोळे वटारले, तोंडे वेडीवाकडी केली. सभ्य समाज आपल्याला जसे समजतो तसेच सोंग त्यांनी आणले. ही चित्रे पॅरिसच्या सुखवस्तू भागांत लागली, आणि प्रत्येक चित्राखाली त्या तरुणाचे नाव, वय, इतकेच नव्हे तर तो राहतो त्या इमारतीचा क्रमांकही होता. जमातीचा एकदम माणूस झाला. आणि नाव, वय व पत्ता असलेल्या माणसाची भीती बाळगणे तितकेसे सोपे नसते. पुढे हीच चित्रे पॅरिसच्या नगरभवनासमोर अधिकृतपणे झळकली. यांतल्या पहिल्या चित्रांत एक तरुण बंदूक रोखल्यासारखा काही तरी हातात धरून उभा दिसतो. नीट पाहिले की कळते, तो चित्रीकरणाचा कॅमेरा आहे. तो तरुण लाज ली. २०१९ मध्ये कान महोत्सवात त्याच्या चित्रपटाला ज्यूरीचे पारितोषिक मिळाले, आणि त्या चित्रपटाची पार्श्वभूमी होती हेच मोंफेर्मेय. पाहणाऱ्याला बंदूक दिसली. प्रत्यक्षात ते साधन वेगळेच होते.

गरिबांचे फोटो काढण्याची परंपरा काही नवी नाही, आणि ती निष्फळही ठरलेली नाही. अमेरिकेत जेकब रीस याने १८९० मध्ये न्यूयॉर्कमधील दरिद्री वस्त्यांचे जीवन पुस्तकरूपाने जगापुढे मांडले. लुईस हाइन याने गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या बालकांचे फोटो काढून बालमजुरीविरुद्ध लोकमत जागे केले. या थोर कार्याला एक उणी बाजू मात्र आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या शेतावरील मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या सरकारी छायाचित्रकार स्त्रीने एका आईचा फोटो काढला. चिंतेने सुरकुतलेला चेहरा, हनुवटीला टेकलेला हात, आणि दोन्ही खांद्यांमागे तोंड लपवलेली मुले. 'स्थलांतरित माता' या नावाने ते चित्र महामंदीचे प्रतीक ठरले. १९९८ मध्ये ते टपाल तिकिटावरही आले. परंतु फोटो काढताना त्या बाईचे नाव लँगने विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले ते ४२ वर्षांनी, १९७८ मध्ये. आपला फोटो काढला गेला नसता तर बरे झाले असते, आपल्याला त्यातून एक छदामही मिळाला नाही, असे त्या वेळी तिने बोलून दाखवले. लँगच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि तिलाही त्या चित्राचे स्वामित्वधन मिळाले नव्हते. तरीही शल्य उरतेच: जगाला ज्या चेहऱ्याने हेलावले, त्या चेहऱ्याच्या धनिणीला त्याबाबत काही म्हणावयाची सोयच नव्हती.

जे. आर. च्या कामाचे खरे वेगळेपण येथे आहे. त्याचे फोटो आकाराने मोठे आहेत हे दुय्यम. महत्त्वाचे हे, की ज्याचा चेहरा त्याची अनुमती आधी घेतली जाते, आणि पुष्कळदा तो चेहरा सर्वांत आधी त्याच्याच गल्लीत, त्याच्याच शेजाऱ्यांसमोर लागतो. दूरच्या शहरातील रसिकाने हळहळ व्यक्त करावी म्हणून तो काढलेला नसतो.

ब्राझीलमधील रिओ शहरात मोरो दा प्रोव्हिदेन्सिया ही टेकडीवरची झोपडपट्टी आहे. जून २००८ मध्ये तेथील तीन तरुणांना सैनिकांनी पकडून प्रतिस्पर्धी टोळीच्या हवाली केले आणि त्या टोळीने त्यांची हत्या केली. त्या वर्षी जे. आर. ने वस्तीतल्या स्त्रियांचे डोळे आणि चेहरे टेकडीवरच्या घरांच्या दर्शनी भिंतींवर लावले. खालच्या श्रीमंत शहराने मान वर केली की त्या डोळ्यांना डोळा देणे भाग पडे. हे काय आहे, हे विचारण्यास पत्रकार आले तेव्हा उत्तर देण्यास कलावंत तेथे नव्हता. हे त्याने मुद्दाम केले होते. पत्रकारांना वस्तीत शिरावे लागले आणि तेथील बायकांनाच विचारावे लागले. ज्या वस्तीत बातमीदार एरवी गोळीबार झाला तरच जातात, तेथे ते एकदा तरी स्त्रियांचे म्हणणे ऐकण्यासाठी गेले.

केनियातील नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ मध्ये अनुभव निराळा आला. तेथे कागद उपयोगाचा नव्हता; पावसात गळणाऱ्या पत्र्यांखाली राहणाऱ्यांना कलेइतकीच छपराचीही गरज होती. म्हणून सुमारे दोन हजार चौरस मीटर छपरांवर जलरोधक कापडावर छापलेले स्त्रियांचे चेहरे अंथरले गेले. चित्र आकाशातून दिसले आणि घरात पाणी गळावयाचे थांबले. वस्तीतून जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांवर डोळे आणि खालच्या उतारावर उरलेला अर्धा चेहरा. गाडी त्या जागी आली की क्षणभर चेहरा पूर्ण होई. याच उपक्रमासाठी तो भारतातही आला होता. येथे भिंतीवर चित्र लावणे जवळजवळ अशक्य आहे असे दिसल्यावर त्याने कोरे वाटणारे पांढरे कागद लावले. कोऱ्या कागदाला कोण हरकत घेणार? परंतु त्या कागदांवर चेहऱ्याच्या रेषा चिकट द्रवाने छापलेल्या होत्या. रस्त्यावरची धूळ जसजशी त्यांवर बसत गेली तसतसे स्त्रियांचे चेहरे उमटत गेले. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीचा एवढा सदुपयोग आजवर दुसऱ्या कोणी केला असेल असे वाटत नाही.

२०११ मध्ये त्याला टेड संस्थेचे एक लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यातून जो उपक्रम निघाला त्यात कलावंत स्वतः बाजूला झाला. कोणत्याही गावच्या लोकांनी आपले म्हणणे सांगावे, आपलेच फोटो काढून पाठवावेत. मोठ्या आकारात छापलेले कागद त्यांच्याकडे परत येतील आणि ते त्यांनी स्वतः लावावेत. अट एवढीच, की त्यावर कोणत्याही कंपनीचे बोधचिन्ह असता कामा नये. शंभराहून अधिक देशांतील चार लाखांहून अधिक लोकांनी आजवर त्यात भाग घेतला आहे. ट्युनिशियात त्याच वर्षी राज्यक्रांती झाली होती. अध्यक्ष बेन अली यांच्या तसबिरी जेथे दशकानुदशके टांगलेल्या असत, तेथे सामान्य नागरिकांचे चेहरे लागले. काही ठिकाणी लोकांनीच ते फाडूनही टाकले; एकाच्या जागी आता हे शंभर कशाला, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल रास्त होता, आणि तो भर रस्त्यात मोठ्याने विचारता आला हेही त्या क्रांतीचे एक फळच म्हणावे लागेल.

आता आक्षेपांकडे वळावयास हवे. कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा, की चित्रांनी जग बदलत नाही. २००७ मध्ये जे. आर. आणि त्याचा मित्र मार्को यांनी इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसांचे जोडफोटो काढले. टॅक्सीचालकाशेजारी टॅक्सीचालक, शिक्षकाशेजारी शिक्षक. ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम धर्मगुरू एका रांगेत. दोन्ही समाजांना विभागणाऱ्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आणि दोन्हीकडच्या शहरांत हे फोटो लागले. यांतला आपला कोणता आणि त्यांचा कोणता, असे विचारल्यावर पाहणारे पुष्कळदा गप्प राहत, असे या दोघांनी नमूद केले आहे. प्रसंग हृद्य खरा. पण ऑक्टोबर २०२३ नंतर त्या भूमीवर जो संहार झाला तो या कागदांनी थांबवला नाही, थांबवणे शक्यही नव्हते. दुसरा आक्षेप पैशाचा. जे. आर. कंपन्यांचे प्रायोजकत्व नाकारतो हे खरे; परंतु त्याच्या कलाकृतींच्या प्रती कलादालनांत मोठ्या किमतीला विकल्या जातात आणि त्या पैशावर पुढचे काम चालते. झोपडपट्टीतील डोळे अखेर धनिकाच्या दिवाणखान्यातच पोहोचतात, असे कोणी म्हटल्यास ते सर्वस्वी खोडून काढता येणार नाही. तिसरा आक्षेप अधिक बोचरा: जगाला चेहरा दाखवण्यास सांगणारा हा गृहस्थ स्वतःचा चेहरा मात्र झाकून ठेवतो.

शेवटचा आक्षेप प्रथम घेऊ. बेकायदा काम करणाऱ्याने ओळख लपवणे समजण्यासारखे आहे. शिवाय ज्या चित्रात कलावंताचा चेहरा नाही, त्यात पाहणाऱ्याची नजर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर टिकते. पैशाचा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. त्याला उत्तर एवढेच, की दिवाणखान्यात एक प्रत गेली म्हणून गल्लीतले चित्र खोटे ठरत नाही. मुख्य आक्षेप पहिला. कलेने युद्ध थांबवावे, भूक मिटवावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे शाळेच्या फळ्याने पूर अडवावा अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. अन्याय करणाऱ्याला प्रथम एक गोष्ट साधावी लागते: ज्याच्यावर अन्याय करावयाचा त्याचा चेहरा पुसून टाकावा लागतो. मग 'ते लोक', 'घुसखोर', 'दंगलखोर', 'झोपडपट्टीवाले' एवढेच शिल्लक उरते. हे पुसण्याचे काम अवघड करणे, हे या कलेचे कार्य. ते मर्यादित आहे, क्षुल्लक नव्हे. कागद पावसाने आठवड्याभरात गळून पडतो, यालाही दोष मानण्याचे कारण नाही. सार्वजनिक भिंतीवर कोणाचाच चेहरा कायम राहू नये, हे लोकशाहीला धरूनच आहे.

या कसोटीवर आपल्या चौकांकडे पाहिले तर काय दिसते? मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा महाराष्ट्रात आहे. बेकायदा फलकांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निर्देश दिले. घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी एक अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ माणसे प्राणास मुकली. तरीही सार्वजनिक जागेचे आकाश ज्याच्या हाती सत्ता वा पैसा त्याचेच, ही समजूत जागची हललेली नाही. दुसरीकडे चौकाचौकांत लावलेले कॅमेरे सामान्य माणसाचा चेहरा त्याला न विचारता रोज टिपत असतात. म्हणजे सामान्य माणसाचा चेहरा यंत्रणेला पाहावयास हवा आहे. समाजापुढे मांडावयास मात्र नको आहे.

असे काम आपल्याकडे होऊ शकणार नाही असे नव्हे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन शासनाने त्यांच्या कार्याची दखल घेतली. ते फोटो पाहिल्यावर आपण रोज नाक धरून ज्या गाडीला वळसा घालतो, तिच्यामागे माणसे आहेत हे नाकारता येत नाही. अशा चेहऱ्यांची जागा केवळ दालनात का असावी? ज्या प्रभागाचा कचरा ते उचलतात, त्या प्रभागाच्या कार्यालयाची दर्शनी भिंत त्यांना वर्षातून पंधरा दिवस का मिळू नये?

यासाठी परदेशी कलावंताची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या आवाराची भिंत मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत असते. ग्रामपंचायतीची भिंत ग्रामसभेच्या. एखाद्या शाळेतील नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या गावातल्या वीस माणसांचे फोटो काढावेत: पाणी सोडणारा कर्मचारी, अंगणवाडीची सेविका, एसटीचा वाहक, ऊसतोडीला जाऊन आलेली बाई, स्मशानातला माणूस. मात्र दोन पथ्ये कसोशीने पाळावीत. पहिले, अनुमतीचे. आपला चेहरा चौकात लागल्याने ज्या स्त्रीला घरात वा कामावर त्रास होण्याचा संभव आहे, तिचा नकार हा तिच्या होकाराइतकाच आदरणीय मानला पाहिजे. जातीच्या आणि मालकाच्या दडपणाखाली दिलेला होकार हा होकार नव्हे. दुसरे, चित्राखाली त्या माणसाचे नाव असावे, प्रायोजकाचे असू नये. ज्या दिवशी त्या भिंतीच्या कोपऱ्यात एखाद्या शुभेच्छुकाचा तिकिटाएवढा फोटो चिकटेल, त्या दिवशी उपक्रम संपला असे समजावे.

याने काय होईल? कोणाचा पगार वाढणार नाही, कोणाचा रस्ता दुरुस्त होणार नाही. परंतु शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला आपली आई भिंतीवर दिसेल. हार नसलेली, हसणारी, जिवंत. आणि त्या भिंतीवरून जाणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला, साहेबाला क्षणभर थांबून ते नाव वाचावे लागेल. दुसऱ्या दिवशी ती बाई कचेरीच्या खिडकीसमोर आली तर तिला 'ए बाई' म्हणताना त्याची जीभ किंचित अडखळेल. समाज सुधारण्याच्या मोठमोठ्या योजना आपण पुष्कळ पाहिल्या. ही अडखळणारी जीभ त्यांतल्या बऱ्याच योजनांपेक्षा अधिक मोलाची आहे.